पंप बदलण्याआधी

मी भिलाईच्या रुआबांध्यातून बोलतोय.

मे महिन्यात आईला दुर्ग स्टेशनवर सोडायचं होतं. स्टार्टर फिरत होता, पण गाडी काही सुरू होईना. आईची ट्रेन चुकली. शेजारी म्हणाले, "पंप गेला, बदलून टाक." मागे एकदा असंच ऐकून मी पंप बदलला होता, बिघाड निघाला रिलेत! पैसे पाण्यात.

म्हणून या वेळी क्रमाने गेलो. चावी 'ऑन' केली, तर मागच्या सीटखालची दोन सेकंदांची घुरघुर ऐकूच आली नाही. फ्यूज ठीक. रिले बदलून पाहिला, तरी शांतता. मग पंपाच्या कनेक्टरला मल्टिमीटर लावला. चावी फिरवताच 12 व्होल्ट! वीज पोचतेय, अर्थिंगही नीट आहे, तरी पंप फिरत नाही. म्हणजे बिघाड पंपातच.

मेकॅनिकने आधी लाइनमधला दाब उतरवला, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मगच मोकळ्या हवेत टाकी उघडली. पंपासोबत रबरी सीलही नवं बसवलं.

माझी चूक? काटा कायम तळाशी. टाकीतलं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं. आता पाव टाकीच्या खाली जाऊ देत नाही.

आधी तपासा, मग बदला.