गुण कशाचे आणि कोणापुढे



स्वागताध्यक्षाने आधी आपल्या गावाची थोरवी गावी, मग उतरण्याजेवण्याच्या व्यवस्थेत राहिलेल्या उणिवांबद्दल आगाऊ क्षमा मागावी आणि मुख्य विषयाला स्पर्श न करता खाली बसावे, असा आपल्याकडील परिषदांचा जुना शिरस्ता आहे. त्यातील पहिली दोन कलमे मी मुकाट्याने पाळणार असलो, तरी तिसऱ्याचा भंग करण्याची मुभा आपण मला द्यावी. कारण वर्गातील मूल्यमापनाची निःपक्षपातता हा जो विषय परिषदेने यंदा चर्चेस घेतला आहे, त्याचा या गावाशी असलेला संबंध बाहेरून आलेल्या पाहुण्यांच्या सहजी ध्यानात येणारा नाही.

सिद्धरामेश्वरांच्या या सोलापूर नगरीत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत असो. गिरण्यांच्या आणि मागांच्या आधाराने वाढलेल्या या शहराच्या पूर्वभागात तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे पिढ्यान् पिढ्या घरात तेलुगू बोलत आली आहेत, अक्कलकोटच्या बाजूकडील घरांत कन्नड चालते, कित्येक मोहल्ल्यांत उर्दू. आणि या सर्वांची पुष्कळशी मुले मराठी शाळेच्या एकाच बाकावर शेजारी शेजारी येऊन बसतात. गावाच्या थोरवीपैकी आणखी एकच गोष्ट सांगतो. याच जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी येथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविणारे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ जणांना वाटून टाकली. पहिला क्रमांक आणि उरलेल्यांची योग्यता यांतील अंतर किती मानावे, याविषयी एका शिक्षकाने दिलेला हा अभिप्राय परिषदेने नोंदवून ठेवावा, असे मला वाटते.

आता विषयाकडे वळतो. इतिहासाच्या पत्रिकेत सोलापूरच्या मार्शल लॉवर पाच गुणांची टीप विचारली आहे, असे समजा. तेलुगूभाषक विणकराचा मुलगा लिहितो : ‘१९३० ला मे महिन्यात सोलापूरमध्ये मार्शल लॉ लागली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ह्या चार माणसाला येरवडा तुरुंगात १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिला.’ साल बरोबर, नावे बरोबर, स्थळ बरोबर, तारीखही बरोबर. परंतु ‘लागली’, ‘माणसाला’ आणि ‘दिला’ या तीन शब्दांखाली तांबड्या रेघा पडतात आणि समासात तीनाचा आकडा उमटतो. त्याच गठ्ठ्यातील पुढल्या उत्तरपत्रिकेत देशभक्तीने ओथंबलेली पंधरा ओळींची शुद्ध मराठी आहे, तीत एकही तारीख नाही आणि चारांपैकी दोनच नावे आहेत. तिला चार मिळतात. परीक्षकाच्या मनात जातिभेद नाही, द्वेष नाही, आळसही नाही. ज्या भाषेत निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा जाच नाही, अशा भाषेतून आलेल्या मुलाला फाशीचे लिंग ठाऊक नव्हते, एवढाच अपराध घडला आणि त्याचा दंड इतिहासाच्या खात्यातून वसूल झाला. भाषेच्या चुका सोडून द्याव्यात असे मी म्हणत नाही. त्या समासात दुरुस्त कराव्यात, मराठीच्या पत्रिकेत त्यांचे गुणही कापावेत, पण इतिहासाच्या रकान्यात इतिहासच मोजला जावा. हाच न्याय हस्ताक्षराला, हजेरीला आणि वर्गातील वागणुकीला लागू आहे. उर्मट मुलाचा बंदोबस्त करण्याचे अन्य मार्ग शाळेपाशी असताना गणिताच्या गुणांना त्या कामावर नेमण्याचे कारण नाही.

परीक्षकागणिक गुण बदलतात, हेही आता कोणाला नव्याने सांगावयास नको. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती शेकडाभराहून अधिक शिक्षकांकडे तपासण्यास धाडल्या, तर त्यांतील एकीला पन्नाशीपासून नव्वदीच्या पलीकडपर्यंत गुण पडले. आपल्या राज्य मंडळात परीक्षकावर नियामक आणि त्यावर मुख्य नियामक नेमण्याची जी तजवीज आहे, तिचे प्रयोजन हेच. परंतु वर्गात परीक्षकही आपण, नियामकही आपण, आणि अपील ऐकणारेही आपणच.

ही सत्ता आपण कशी वापरली, याचा जमाखर्च फारसा गौरवास्पद नाही. दहावीच्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळेच्या हातचे वीस गुण काढून घेतले गेले, तेव्हा २०१८ साली ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. गुण पुन्हा बहाल होताच २०२० साली तो ९५.३० टक्क्यांवर गेला. अभ्यासक्रम नवा होता, ही सबब काही अंशी खरी मानली, तरी उरलेला हिशेब आपल्याच नावावर पडतो. वर्गातील साऱ्या मुलांना अठरा, एकोणीस, वीस वाटण्यात दया दिसते खरी. पण जी मुलगी कविता समजून वाचते आणि जिला एक ओळही धड वाचता येत नाही, त्या दोघींना एकच आकडा देताना पहिलीचे श्रम आपण पुसतो आणि दुसरीला मदत हवी आहे, ही वार्ता दडवतो. पुढे २०२१ साली महामारीमुळे लेखी परीक्षाच रद्द झाली, संपूर्ण निकाल शाळांच्या नोंदींवर लावावा लागला आणि तो ९९.९५ टक्के लागला, तेव्हा त्या आकड्यावर समाज हसला. त्या हसण्याचा राग आपणांस आला. त्याचे आश्चर्य मात्र वाटावयास नको होते.

शिक्षणहक्क कायद्याच्या पाठोपाठ २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक आणि संकलित असे त्याचे दोन भाग, श्रेणी आणि वर्णनात्मक नोंदी हा सारा मसुदा मोठ्या विचाराने केलेला होता. पण साठ मुलांच्या वर्गात, खिचडीचा हिशेब आणि जनगणनेचे काम सांभाळून त्या नोंदी लिहावयाच्या कधी, याचे उत्तर त्यात नव्हते. मग तयार नोंदींची पुस्तके बाजारात आली आणि ‘वर्गात लक्षपूर्वक ऐकतो’ हे वाक्य बहिऱ्या मुलाच्या नावापुढेही दिसू लागले.

या शहरातील हजारो स्त्रिया विड्या वळून पोट भरतात. वळलेला माल त्या कारखान्यात नेतात, तेव्हा तपासनीस काही विड्या छाटतो. ही छाट पुष्कळदा अन्यायाचीच असते, परंतु ती त्या बाईच्या डोळ्यांदेखत होते, छाटलेली विडी तिच्यासमोर पडते आणि ती दोन शब्द भांडू शकते. तिच्या मुलाची उत्तरपत्रिका मात्र त्याला क्षणभर दाखवून परत घेतली जाते, आणि गुण का गेले हे विचारणे उद्धटपणात जमा होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये परीक्षार्थीस माहितीच्या अधिकारात आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, असा निवाडा दिला; सहावीतल्या मुलाला त्यासाठी अर्ज लिहावयास लावण्यापेक्षा ती आपण होऊन त्याच्या पुढ्यात ठेवून कारण सांगणे काय वाईट? ज्या गुणाचे कारण मुलाला समजेल अशा शब्दांत सांगता येत नाही, तो आपण देऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.

व्यवस्थेविषयी दोन शब्द. प्रत्येक प्रतिनिधीच्या पिशवीत नावगाव नसलेल्या एकाच उत्तरपत्रिकेची प्रत घातली आहे. ती दहांपैकी गुण देऊन, स्वतःचे नाव न लिहिता, भोजनापूर्वी कार्यालयात रुजू करावी. उद्या सकाळच्या सत्रात सर्वांचे आकडे फळ्यावर मांडले जातील, आणि ज्यांना जो आकडा आपला वाटेल त्यांनी उठून त्याची कैफियत द्यावी. मंडपात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुरेशी आहे. पाणी मात्र आमच्याकडे रोज येत नाही, तेव्हा ते जपून वापरावे, आणि राहिलेल्या उणिवांबद्दल क्षमा असावी. अध्यक्षमहाशयांना परिषदेची सूत्रे हाती घेण्याची विनंती करून मी आपली रजा घेतो.