कोपऱ्यावरचे दुकान आणि मक्तेदारी भांडवल



लखनौच्या दक्षिणेस, रायबरेलीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर तेलीबाग ही वस्ती आहे. कोणत्याही कष्टकरी वस्तीप्रमाणे येथेही महिनाअखेरीस पगार संपतो, पण चूल पेटवावीच लागते. अशा वेळी पीठ, डाळ आणि तेल कोण देतो? ज्याच्या वहीत त्या कुटुंबाचे खाते आहे, तो शेजारचा दुकानदार. म्हणून स्थानिक दुकानातून खरेदी करावी की नाही, हा केवळ भावातील चार पैशांच्या फरकाचा प्रश्न नव्हे.

रुपयाचा प्रवास पाहावा. वस्तीतला किराणा दुकानदार पांडेगंजसारख्या शहरातल्याच घाऊक बाजारातून माल उचलतो, टेंपोवाल्याला भाडे आणि हाताखालच्या पोऱ्याला पगार देतो. उरलेल्यातून तोही शेजारच्या शिंप्याकडे व भाजीवालीकडे गिऱ्हाईक म्हणून जातो. साखळी दुकानातला नफा मात्र दूरच्या मुख्य कचेरीकडे आणि भागधारकांकडे निघून जातो.

या उधारीच्या वहीचे मोल मुंबईच्या गिरणी कामगाराने जाणले आहे. १९२८ चा सहा महिन्यांचा संप असो, की १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप असो, पगार बंद असताना गिरणगावातील वाण्याची उधारी हा कामगारांचा एक आधार होता. कामगार हरला तर आपलेही दुकान बसेल, हे त्या वाण्याला कळत होते. संगणकावर पैसे मोजून घेणारे दुकान संपकऱ्याला उधार देत नाही.

मोठे भांडवल प्रथम तोटा सोसून स्वस्त विकते. प्रतिस्पर्धी उठला की गिऱ्हाइकाचा आणि शेतकऱ्याचा, दोघांचाही भाव तेच ठरवू लागते. हे ओळखूनच व्यापारी व फेरीवाले रस्त्यावर उतरले, आणि ऑगस्ट २००७ मध्ये उत्तर प्रदेश सरकारला रिलायन्स फ्रेशची दुकाने बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकी भांडवलास मुभा मिळताच २० सप्टेंबर २०१२ रोजी देशव्यापी बंद झाला. त्यात डावे पक्षही होते. तथापि भांडवलाने दुसरे दार शोधले. २०१८ मध्ये वॉलमार्टने सुमारे १,६०० कोटी डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला. आता गिऱ्हाईक बाजारात न जाताच बाजारातून काढून घेतले जाते.

परंतु छोटा दुकानदार म्हणजे संत नव्हे. त्याच्या पोऱ्याला किमान वेतन अनेकदा मिळत नाही, कामाचे तास ठरलेले नसतात, आणि उधारीची किंमत चढ्या भावातून वसूल होते. म्हणूनच नायगावच्या कामगारांनी १९४८ साली सहकारी तत्त्वावर ‘अपना बाजार’ उभा केला. दुकान वस्तीचे, आणि मालकीही गिऱ्हाइकांची, हा तो धडा होता.

तेव्हा कर्तव्य दुहेरी आहे. पिशवी घेऊन शेजारच्या दुकानात जावे, आणि तेथल्या पोऱ्याच्या वेतनाची चौकशीही करावी. फेरीवाल्याच्या जागेसाठी २०१४ चा कायदा आहे, तो अमलात आणण्यासाठी त्याच्या बाजूने उभे राहावे. एकट्या गिऱ्हाइकाच्या निवडीने मक्तेदारी हटणार नाही. कामगार आणि छोटा दुकानदार यांच्या संघटित एकजुटीनेच ती हटेल. तेलीबागेतील उधारीच्या वहीत त्या एकजुटीचे पहिले पान लिहिलेले आहे. पुढची पाने संघटनेने लिहावयाची आहेत.