जंतूंची वस्ती आणि कारखान्याचें सांडपाणी

भूम हें गांव बालाघाटाच्या मुलखांतलें. खव्यामुळें त्याचें नांव दूरवर गेलें आहे. परंतु या भागांत पावसाचा भरंवसा नाहीं. अशा प्रदेशांत पाणी किती वापरलें एवढेंच पाहून भागत नाहीं. वापरलेलें पाणी कोणत्या स्थितींत परत मिळतें, हेंही पाहावें लागतें. २०१६ च्या एप्रिलमध्यें लातूरची तहान भागविण्यास मिरजेहून रेल्वेनें पाणी न्यावें लागलें. त्याच महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मराठवाड्यांतील बिअर व मद्याच्या कारखान्यांच्या पाण्यांत कपात करण्याचा आदेश दिला. मे महिन्यांत ती ६० टक्क्यांपर्यंत गेली.

एक लिटर बिअर तयार होतांना कित्येक लिटर सांडपाणी निघतें. त्यांत धान्याची साखर, यीस्ट व सांडलेली बिअर असते. हें विष नव्हे, अन्नच आहे. आणि दोष तोच आहे. असें पाणी ओढ्यांत सोडलें, कीं जंतू त्या अन्नावर तुटून पडतात, पाण्यांतला प्राणवायु संपवितात, आणि मासे गुदमरून मरतात.

यंत्रानें हवा घालून हें पाणी शुद्ध करतां येतें. पण त्यास वीज फार लागते आणि गाळही फार उरतो. दुसरी रीत बंद टांकीची. तेथें प्राणवायूवांचून जगणारे जंतू साखरेचीं आम्लें करतात, आणि त्यांतून दुसरे जंतू मिथेन हा जळाऊ वायु तयार करतात. ही कल्पना नवी नाहीं. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांत १८९७ मध्यें मैल्यापासून असा वायु मिळविण्यांत आला होता.

अडचण एवढीच, कीं मिथेन करणारे जंतू फार सावकाश वाढतात. पाणी घाईनें वाहिलें, तर त्याबरोबर तेही वाहून जातात. म्हणून टांकींत दगड किंवा प्लॅस्टिकचीं कडीं भरतात. ओढ्यांतल्या धोंड्यावर जसा बुळबुळीत थर धरतो, तसा जंतूंचा थर त्यांवर बसतो. पाणी कांहीं तासांत निघून जातें, वस्ती मात्र जागींच राहते. अमेरिकेंत यंग व मॅकार्टी यांनीं १९६९ मध्यें या रीतीचा पाया घातला.

हिशेब पाहावा. एक हजार लिटर पाण्यांतील घाण जाळून टाकण्यास ३ किलो प्राणवायु लागत असेल, आणि टांकींत तिचा ८० टक्के भाग नाहींसा झाला, तर सुमारें ०.८४ घनमीटर मिथेन मिळतो. त्याची उष्णता पाऊण लिटर रॉकेलाहून कांहींशी अधिकच भरते.

तथापि ही वस्ती नाजूक आहे. भांडीं धुण्याचा कॉस्टिक सोडा एकदम आंत गेला, तर ती कोलमडते. म्हणून पाणी आधीं एका हौदांत मिसळून सम करावें लागतें. थंडींत काम मंदावतें. नवा थर बसण्यास कित्येक आठवडे, क्वचित् महिनेही लागतात. शिवाय बाहेर पडणारें पाणी पिण्याजोगें नसतें. त्यास पुढें हवेचा संस्कार द्यावाच लागतो.

दुधाचीं भांडीं धुतलेल्या पाण्यासही हीच रीत लागू पडते. मात्र स्निग्धांश आधीं काढून घ्यावा, नाहीं तर तो थरावर साचून जंतूंची उपासमार करतो. खवा आटविण्यास अखंड जाळ लागतो, आणि या सांडपाण्यांत त्या जाळाचा थोडा अंश दडलेला आहे. भूमसारख्या गांवीं एकेका भट्टीचें पाणी थोडें पडेल. पण अनेकांनीं मिळून एक टांकी बांधली, तर ओढा निर्मळ राहील आणि सरपणाचा भारही कांहींसा हलका होईल.