तात्पर्याविना गोष्ट

४ जुलै १८६२ रोजी ऑक्सफर्डजवळ नौकाविहार करताना गणिताचे अध्यापक चार्ल्स डॉजसन यांनी तीन लिडेल भगिनींना एक गोष्ट सांगितली. त्यांतील ॲलिसच्या आग्रहाने ती लिहिली गेली आणि १८६५ मध्ये लुइस कॅरल या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. इंग्रजी बालवाङ्मयावर तेव्हा उपदेशाचा पगडा होता. येथे मात्र ऊठसूट तात्पर्य काढणाऱ्या सरदारीणबाईंची थट्टाच आहे. मोठ्यांचे नियम ॲलिसला निरर्थक दिसतात. अखेर भर न्यायालयात ती तसे बोलूनही दाखविते. ही धिटाईच बालवाचकाला मोहविते. भा. रा. भागवतांनी तिला मराठीत ‘जाई’ केले. ‘यातून बोध काय?’ एवढेच विचारणाऱ्या ग्रंथालयात मात्र तिला जागा मिळणार नाही.