कसलं वो कार्ड?



होटगी स्टेशनात गदगकडची लाईन मुख्य लाईनपासून फुटते. तिथल्या बाकावर मागं एक आजी भेटल्या. पिशवीत औषधांच्या चिठ्ठ्या, तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पेन्शनचा कागद. मालक फौजेत हवालदार होते, 1988 साली निवृत्त झाले, आता ते नाहीत. दर महिन्याला औषधाला पेन्शन पुरत नाही, म्हणाल्या.

मी विचारलं, "ईसीएचएसचं कार्ड काढलंय का?"

"कसलं वो कार्ड? रेशनचं?"

तेव्हापासून या कार्डाबद्दल बोलायचं मनात होतं.

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना. ती 1 एप्रिल 2003 ला सुरू झाली. त्याआधी निवृत्त फौजीला भरवसा लष्करी रुग्णालयाचा, आणि होटगीच्या माणसानं त्यासाठी पुणं गाठायचं म्हणजे अडीचशेहून जास्त किलोमीटर. आता सोलापुरात पॉलिक्लिनिक आहे. तिथं तपासणी आणि औषधं मिळतात. मोठा आजार निघाला तर तिथून रेफरल घेऊन करारातल्या खासगी रुग्णालयात जायचं. बिल योजना भरते. कुटुंब पेन्शन घेणाऱ्या विधवेलाही हा लाभ आहे.

हक्काचं म्हणाल, तर माजी सैनिकांच्या संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या होत्या. 22 ऑगस्ट 2006 ला घटनापीठानं निकाल दिला. संपूर्ण मोफत उपचार हा मूलभूत हक्क आहे, हे कोर्टानं मानलं नाही. एकदाच अंशदान घेणं वैध ठरवलं. मला हे आजही बोचतं. पण 1 जानेवारी 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांचं अंशदान सरकारनं माफ करावं किंवा स्वतः भरावं, असंही त्याच निकालात आहे. म्हणजे आजींना अंशदान भरायचं नव्हतं.

आणखी एक ध्यानात ठेवा. रात्री छातीत कळ आली तर करारातल्या रुग्णालयांची यादी शोधत बसू नका, जवळचं रुग्णालय गाठा. ते यादीबाहेरचं असेल तर 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. बिल तुम्हाला भरावं लागेल. नंतर ठरलेल्या दरानं परतावा मिळतो.

आजींना वाटत होतं, हे फुकटचं मागणं बरं नव्हे. मी म्हटलं, मालकांनी उमेदीची वर्षं सरहद्दीवर काढली, त्यातलंच आहे हे. गाडी आली तेव्हा त्या पेन्शनचा कागद पुन्हा गुंडाळत होत्या. या वेळी तो त्यांनी पिशवीत सगळ्यात वर ठेवला.