घरी आलेला मोठा साप : निवारा आणि आहार

साप पाळण्याचा विषय निघाला की कित्येकांच्या अंगावर काटा येतो, तर कित्येकांच्या मनात हौस जागी होते. भय आणि हौस ही दोन्ही बाजूस ठेवून, नव्याने घरी आलेल्या मोठ्या सापाची व्यवस्था कशी लावावी आणि त्याला पहिला घास केव्हा द्यावा, एवढ्याच गोष्टीचा आज विचार करू.

प्रारंभीच एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. सिल्वासाजवळ दमणगंगेच्या काठी वसलेल्या अथालसारख्या गावात पावसाळ्यात शेताच्या बांधावर अजगर निघाला, तर तो सापडला त्याचा होत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतीय अजगराला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले आहे. ‘दोन दिवस खाऊपिऊ घालू, मग सोडू’ अशा सद्‌हेतूने त्याला पिंपात कोंडणे हाही अपराधच होय. अशा वेळी अंतर राखावे, कुत्री व मुले दूर ठेवावीत आणि वनखात्यास कळवावे. ज्यांना अजगर निवांत पाहावयाचा आहे, त्यांच्यासाठी नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ साली उभे राहिलेले पुण्याचे कात्रज सर्पोद्यान आहेच.

पाळण्यासाठी येतात त्या परदेशी जाती : आफ्रिकेतील बॉल पायथन आणि त्याहून मोठा होणारा अमेरिकेतील बोआ. त्यांच्या कायदेशीर उगमाचे कागद असावे लागतात, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत सरकारच्या ‘परिवेश’ यंत्रणेत त्याची नोंद करावी लागते.

आता मुख्य विषयाकडे वळू. पाहुणा दारात आला की आधी पाणी आणि मग ताट, ही आपली रीत. सापाच्या बाबतीत पाणी योग्य. ताटाची घाई मात्र घातक. पिशवीत, पेटीत, वाहनाच्या धक्क्यांत प्रवास करून आलेला साप भेदरलेला असतो. त्याला प्रथम हवा आडोसा. शरीराची वेटोळी जेमतेम मावतील एवढा अंधारा खोका त्याला प्रशस्त दालनापेक्षा अधिक सुरक्षित वाटतो. पेटीला घट्ट झाकण आणि कडी असावी, कारण नाक शिरण्याजोगी फट मिळाली की साप निसटण्याचा प्रयत्न करणारच. पेटीच्या एका टोकास सुमारे ३१ ते ३२ अंश सेल्सिअस ऊब असावी, दुसरे टोक २६ ते २७ अंशांवर असावे, म्हणजे त्याला हवी ती जागा निवडता येते. पौष-माघातल्या थंड रात्री ही काळजी विशेष घ्यावी. उबेचा दिवा जाळीबाहेर ठेवावा. उघड्या दिव्याला बिलगून साप भाजतात. जड बुडाच्या भांड्यात स्वच्छ पाणी असावे. घरात आधीचा साप असेल, तर नव्याला दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावे. खवल्यांतील बारीक किडे आणि रोग याच वाटेने पसरतात.

पहिला आठवडाभर त्याला हाताळू नये आणि पाहुण्यांना दाखवूही नये. सात ते दहा दिवसांनी, तो शांत दिसला तर पहिले भक्ष्य द्यावे. सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढाच उंदीर पुरे. तो मेलेला असावा. जिवंत उंदीर कोपऱ्यात सापडला की सापालाच चावून जखमी करतो. बर्फातला उंदीर पूर्ण वितळवून कोमट करावा आणि लांब चिमट्याने, सायंकाळी, समोर धरावा. या सापांच्या ओठांवर उष्णता ओळखणारी इंद्रिये असतात. थंड भक्ष्य त्यांना भक्ष्य वाटत नाही. दूध हा सापाचा आहार नव्हे, आणि नुसत्या मटणाच्या तुकड्यांत त्याला लागणारी हाडे नसतात.

त्याने तोंड फिरवले, तर भक्ष्य काढून घ्यावे आणि आठवडाभर थांबावे. डोळे दुधाळ झाले असतील तर तो कात टाकण्याच्या बेतात आहे, असे समजावे. धडधाकट प्रौढ सापाला कित्येक आठवड्यांचा उपास सहज पेलतो. बॉल पायथन तर महिनोन्‌महिने अन्नाला शिवत नाही. मात्र त्याचे वजन टिपून ठेवावे. ते सतत घटत असेल, तोंडाला फेस येत असेल किंवा श्वासाला आवाज येत असेल, तर पशुवैद्यास दाखवावे.

भक्ष्य गिळल्यावर किमान दोन दिवस त्याला स्पर्श करू नये. त्या काळात त्याच्या शरीरात मोठी उलथापालथ चालते. ब्रह्मदेशी अजगराचे हृदय भोजनोत्तर दोन-तीन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. अशा वेळी थंडी वाजली किंवा कोणी उचलले, की गिळलेले बाहेर पडते. तसे झाल्यास दोन आठवडे काहीही देऊ नये.

साप मोठा असेल तेव्हा त्याला हाताळताना दोन प्रौढ माणसे हवीत. लहान मुलाला त्याच्यापाशी एकटे कधीही सोडू नये. आणखी एक गोष्ट. असे साप वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतात. हौस फिटली म्हणून त्यांना दमणगंगेच्या काठी सोडता येत नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत पाळीव ब्रह्मदेशी अजगर मोकळे झाले, त्यांची वीण वाढली आणि तेथले मध्यम आकाराचे सस्तन प्राणी पुष्कळ ठिकाणी दिसेनासे झाले.

म्हणून साप आणण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे : वीस वर्षे त्याची ऊब, पाणी आणि राखण कोण पाहणार? याचे उत्तर ठाम नसेल, तर पेटी विकत घेऊच नये. ते ठाम असेल, तर पहिल्या आठवड्यात आपल्या हाती करण्याजोगे काम फार थोडे आहे : झाकण लावावे, दार ओढून घ्यावे आणि त्याला स्वस्थ राहू द्यावे.