पोर्शन आणि वर्ग: इंग्रजीच्या अभ्यासक्रमाविषयी अध्यक्षीय विवेचन

इंग्रजीच्या अभ्यासक्रमाला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने, आणि मुलाला ते आले हे कशावरून ओळखायचे. या तिन्हींवर भरपूर वाद झाले आहेत. वर्गातला वेळ कोणाच्या हाती राहावा, हा चौथा प्रश्न मात्र मागे पडला. येथे मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

स्वातंत्र्यानंतर भारतात रचनाधिष्ठित अभ्यासक्रम रुजला. वाक्यरचना सोप्याकडून अवघडाकडे लावायच्या आणि शब्द मोजके ठेवायचे, अशी त्याची पद्धत. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेली मायकेल वेस्ट यांची सुमारे २००० शब्दांची यादी अशा आखणीला उपयोगी पडली. ज्याचे स्वतःचे इंग्रजी बेताचे होते, त्या शिक्षकालाही यामुळे आधार मिळाला. पण मूल वाक्ये घोकून म्हणे आणि बोलायची वेळ आली की गप्प बसे. १९७६ मध्ये डी. ए. विल्किन्स यांनी अभ्यासक्रमातील यादीचा पाया बदलला. रचनांच्या जागी विनंती, नकार, दिलगिरी असे भाषेचे हेतू आले. यादी मात्र कायम राहिली.

खरा बदल एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पाने केला. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही सरकारी शाळांत तो चालला. त्याच्या अभ्यासक्रमात भाषेचे घटक नव्हते, कृती होत्या: नकाशा वाचणे, वेळापत्रकातून गाडी शोधणे, माहितीवरून निष्कर्ष काढणे. आधी संपूर्ण वर्गासमोर एक कृती सोडवायची, मग तशीच दुसरी प्रत्येकाने स्वतः करायची. वर्गाला ती कितपत पेलली हे पाहून पुढची ठरे.

व्याकरण आधी की कृती आधी, हा वाद सहकाऱ्यांत आजही रंगतो. त्याचा निकाल वर्गात लागतो. मराठी माध्यमाच्या एका शाळेत नववीच्या वर्गाला एसटीचे वेळापत्रक देण्यात आले. पहिल्या तासिकेला प्रश्न मोडकेतोडके आले. तिसऱ्या तासिकेला मुले एकमेकांच्या चुका दुरुस्त करू लागली, आणि प्रश्नार्थक वाक्याचा नियम त्यांनीच विचारला. गरज निर्माण झाल्यावर व्याकरण पक्के बसते, हे तिथे दिसले. त्याच आठवड्यात तपासणी झाली. टाचणवहीत दोन पाठ मागे असल्याचा शेरा मिळाला आणि कृती बंद पडली. मुले काय बोलू लागली, हे कोणी विचारले नाही.

अध्यक्षपदावरून मांडायची तक्रार हीच आहे. दृष्टिकोन कोणताही असो, शाळेत पोहोचेपर्यंत त्याचा पोर्शन, म्हणजे ठरल्या वेळेत संपवायचा पाठांचा साठा, होतो. महाराष्ट्रात २००० पासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आले. वर्षे वाढली, पण पाठ संपवण्याची घाई तशीच राहिली. वार्षिक नियोजनात प्रत्येक तासिका आधीच भरलेली असेल, तर अडखळणाऱ्या मुलासाठी थांबायचे कधी? त्याच्यासाठी थांबणाऱ्या शिक्षकाला कामचुकार ठरवणे हा अन्याय आहे आणि तो थांबला पाहिजे.

म्हणून अभ्यासक्रमाने किमान एक तृतीयांश तासिका शिक्षकाच्या हाती सोपवाव्यात. त्यांचा हिशेब पाठांच्या संख्येने मागू नये. मुलांनी इंग्रजीत काय विचारले, सांगितले, लिहिले, याची नोंद पुरेशी मानावी. लेखी परीक्षेइतकेच महत्त्व ऐकण्या-बोलण्याच्या चाचणीलाही द्यावे. शिक्षकांनी तपासलेल्या कृतींचा संग्रह आपल्या शिक्षक परिषदेने हाती घ्यावा. त्याचे स्वरूप परिषदेच्या जिल्हा शाखांशी बोलून ठरवता येईल. पाठ्यक्रम मंडळांनी शिक्षकांवर एवढा विश्वास टाकला, तरच दृष्टिकोनांच्या चर्चेचा लाभ मुलांपर्यंत पोहोचेल.